अडीच मापाच्या बांगड्या

वार शुक्रवार. महिना फेब्रुवारी. वेळ सकाळी साडेनऊ. ठिकाण: नांदूरघाटच्या बाजूचं एक गाव, मांडवाचे वेळू येऊन पडलेलं लग्नघर, ओसरी.

हजर:
१. मी, सहायक पोलीस निरीक्षक, गुन्हे शाखा.
२. हवालदार घोळवे.
३. महिला शिपाई सुवर्णा, नोकरीला दीड वर्ष.
४. बापूराव, घरमालक, माजी सरपंच, हरवलेल्या मुलीचे वडील.
५. बापूरावांचे धाकटे भाऊ.
६. मुलीची आई. डोक्यावर पदर, नजर खाली.

ही यादी माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या डायरीतून जशीच्या तशी उतरवली आहे. नावं तेवढी बदलली आहेत. नोकरीत मला 'यादीवाले साहेब' म्हणत, थोडं कौतुकानं आणि थोडं वैतागून. गेल्या वर्षी गुडघ्यामुळे मी मुदतीआधीच नोकरी सोडली तेव्हा घरी सत्तावीस डायऱ्या आल्या. त्यांतल्या बहुतेक याद्यांवर माझा विश्वास आहे. या यादीत मात्र चूक आहे. ओसरीवर त्या सकाळी सहा नव्हे, सात माणसं होती.

आधी आमचं काम कसं चालतं ते सांगतो. हरवलेल्या माणसाच्या तपासात पाठलाग फार थोडा असतो आणि याद्या फार असतात. पहिली, घरात गेल्या आठवड्यात कोण कोण येऊन गेलं. दुसरी, शेवटचं कोणी पाहिलं. तिसरी, त्या वेळी गावातून कोणती वाहनं सुटली आणि त्यांत कोण होतं. चौथी, मागे राहिलेल्या वस्तू कोणाच्या हातातून गेल्या. या चार याद्या शेजारी शेजारी मांडायच्या. जे नाव दोन याद्यांत येतं, त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. बाकी सगळं सिनेमात.

या पद्धतीनं मी पुष्कळ माणसं शोधली. वस्तूंचंही मला वेड होतं. सिरसाळ्याला एका आडतीवरून सरकीची पोती चोरीला जात होती. पोती सारखीच, शिक्का नाही, कोणाची म्हणून ओळखायची? मी चाळीस पोत्यांची तोंडं तपासली आणि शिवण उलट्या दिशेनं गेलेली सहा बाजूला काढली. शिवणारा डावखुरा. बाजारात डावखुरा हमाल एकच, तो चोर नव्हता, पण त्यानं पोती कोणासाठी शिवली ते त्यानं सांगितलं. दुपारी जेवायच्या आत प्रकरण मिटलं. वरिष्ठांनी ते बैठकीत सांगितलं. असली प्रकरणं तीन-चार झाली की माणसाला वाटायला लागतं, आपल्या नजरेतून काही सुटत नाही.

तर तो शुक्रवार. बापूरावांची मुलगी, तिला पल्लवी म्हणू, गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर क्लासला म्हणून निघाली आणि क्लासला पोचलीच नाही. फोन घरीच ठेवलेला. पुढच्या बुधवारी तिचं लग्न. वय एकोणीस, आधार कार्डाची प्रत बापूरावांनी माझ्या हातात ठेवली. मी डायरीत लिहिलं: वय १९, पाहिलं. आणि पुढे बरोबरची खूण केली.

"साहेब," बापूराव म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्यात. पाव्हण्याला काय तोंड दावू? पोरगी बुधवारच्या आत दारात पाहिजे."

"सोमवारी सकाळी तुमच्या दारात असेल," मी म्हणालो. हे वाक्य मी त्या काळी सहज बोलत असे, कारण बहुतेक वेळा खरं होत असे.

"घरात या आठवड्यात कोण कोण आलं?"

दोघा भावांनी आठवून आठवून अकरा नावं दिली. आचारी, मांडववाला, दोन पाहुणे, वायरमन, असे. सगळे पुरुष. ओसरीच्या खांबाला टेकून एक बाई बसली होती, पन्नाशीची, पुढ्यात कापडानं झाकलेली पेटी. मी तिच्याकडे पेन रोखून विचारलं, "ही कोण?"

"ती?" बापूरावांचे भाऊ हसले. "ती बांगडीवाली हाय, शमीमबी. ती काय मोजायचं माणूस हाय का? लग्नघर हाय, येती-जाती."

मी तिला मोजलं नाही.

त्याच वेळी मुलीच्या आईनं आतून बांगड्यांचा एक पुठ्ठ्याचा डबा आणला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. "ह्या नगं आपा. माप चुकलंय." शमीमबीनं डबा न उघडता पेटीत ठेवला. हे माझ्यासमोर, चार हातांवर झालं. मी तेव्हा मांडववाल्याचा मोबाइल नंबर उतरवून घेत होतो.

सुवर्णा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "साहेब, मी आत जाऊन बायांना विचारू का?"

"नंतर. आधी ही अकरा नावं स्वच्छ उतरव."

ती उतरवत बसली. तिचं अक्षर चांगलं होतं.

हरवलेली मुलगी तरुण असली की आमच्या खात्यात पहिला प्रश्न ठरलेला: मुलगा कोण? मुलगा आहे का, असं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. क्लास चालवणारा एक पंचविशीचा तरुण होता, त्याला दिवसभर ठाण्यात बसवलं. तो रडकुंडीला येऊन सांगत होता, "साहेब, ती हुशार हाय, मला दादा म्हणती, मी कावून करीन असं?" मला ते पाठ केल्यासारखं वाटलं.

गुरुवारी सकाळी फाट्यावरून दोनच एसट्या सुटल्या होत्या, एक बीडकडे, एक केजकडे. केजच्या गाडीचा कंडक्टर फोनवर म्हणाला, "शाळेची पोरं व्हती, दूधवाला व्हता, एक बांगडीवाली आन तिच्यासंगं एक बाई."

"एकटी तरुण मुलगी? किंवा कोणा मुलाबरोबर?"

"न्हाई साहेब, एकटी कोण न्हवती."

मी लिहिलं: केज गाडी, नाही.

मग मी स्वतः फाट्यावर गेलो. तिथं दोन निवारे समोरासमोर आहेत. बीडकडे जाणाऱ्यांच्या निवाऱ्यात, सिमेंटच्या बाकामागे, मला हिरव्या बांगड्यांचे चार तुकडे मिळाले. नवी काच, धूळ न बसलेली. मला काय आनंद झाला तो सांगत नाही. मी गुडघ्यावर बसून तुकडे कागदावर ठेवले आणि मोजले. तुकड्याच्या दोन टोकांमधलं अंतर आणि मधला फुगवटा एवढं मिळालं की अख्ख्या बांगडीचं माप निघतं, शाळेतलं गणित आहे. घोळवे कौतुकानं पाहत होते. उत्तर आलं: अडीच इंच. लिहिलं. पुढे बरोबरची खूण.

शमीमबी पेटी घेऊन त्याच फाट्यावर गाडीची वाट पाहत होती. मी हाक मारली, "ए बाई, इकडे ये. ह्या बांगड्या बघ."

तिनं तुकडे तळहातावर घेतले, उन्हात धरले, पुष्कळ वेळ पाहिले. मग माझ्याकडेही तितकाच वेळ पाहिलं.

"माझ्या पेटीतल्याच हायत साहेब. ह्याच हप्त्यातला माल."

"बस. एवढंच पाहिजे होतं."

माझ्या डोक्यात चित्र पुरं झालं. लग्नघरात या बाईनं मुलीला नव्या बांगड्या भरल्या, मुलीनं निवाऱ्यात त्या उतरवताना फोडल्या, बीडची गाडी धरली, तिथून पुणं. जाताना लग्नाची खूण टाकून गेली. शनिवारी मी एक पथक पुण्याला पाठवलं आणि दुसरं बीडच्या स्टँडवर कॅमेऱ्यांची चित्रं बघायला बसवलं.

गाडीत सुवर्णा म्हणाली, "साहेब, फोटोत पोरीचा हात लई बारीक दिसतो."

"फोटोवरून हाताचं माप घेतात का?" मी विचारलं. घोळवे हसले. त्या तपासात मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सुगावा तो होता, आणि मी त्यावर विनोद केला.

शनिवारी शमीमबीला सही घ्यायला ठाण्यात बोलावलं. जबाब तीन ओळींचा: तुकडे पाहिले, माझ्या पेटीतल्या मालाचे आहेत, माल याच आठवड्यातला आहे. वाचून दाखवला, तिनं उर्दूत सही केली. जाताना म्हणाली, "दोन दिस बुडाले साहेब माझे. सोमवारी अंबाजोगाईला जायचं हाय, माल आणाया."

मला वाईट वाटलं. सोमवारी माझीही अंबाजोगाईच्या कोर्टात तारीख होती. "आमच्या गाडीतून चला," मी म्हणालो. एका दिवसात मी 'ए बाई'वरून 'चला'वर आलो होतो, याचा मला तेव्हा अभिमानच वाटला.

सोमवारी ती जीपमध्ये मागे बसली, मांडीवर गाठोडं. पुण्याहून पथकाचा फोन आला होता, काही हाती लागलं नव्हतं, त्यामुळे मी चिडलेलो. घोळव्यांनी तिला छेडलं, "काय शमीमबी, पोलिसाच्या गाडीत बसलात, मोहल्ल्यात काय सांगनार?"

"सांगीन की, साहेबानी पकडली," ती म्हणाली. "ड्रायव्हरला म्हणा दमानं घ्या. काच हाय."

अकराला तिनं सांगितलं तिथं, नगरपालिकेसमोर, तिला उतरवलं. घोळव्यांनी खाली उतरून गाठोडं हातात दिलं. मी कोर्टात गेलो.

दुपारी चारला बीडहून बाल कल्याण समितीचा फोन आला. पल्लवी त्यांच्यासमोर हजर होती. सोबत जन्माचा दाखला. जन्म अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातला. वय सोळा वर्षं, दोन महिने. मुलीनं लिहून दिलं होतं: मला लग्न करायचं नाही, मला शिकायचं आहे, मी स्वतःहून आले. बुधवारचं लग्न थांबवण्याचा आदेश निघत होता. आणि मला एक नम्र प्रश्न होता: मुलीचं वय एकोणीस, ही नोंद पोलिसांनी कशावरून केली?

मी दाखल्याची प्रत मागवून घेतली. अंबाजोगाई नगरपालिकेनं दिल्याची वेळ: सोमवार, सकाळी अकरा पन्नास. अर्ज आईच्या सहीचा. ही गोष्ट मात्र मी चटकन जोडली. अकराला नगरपालिकेसमोर कोण उतरलं होतं ते मला माहीत होतं. मीच उतरवलं होतं.

मंगळवारी मी एकटाच तिच्या घरी गेलो. साध्या कपड्यांत. ती अंगणात बांगड्या मापाप्रमाणे दोऱ्यात ओवत बसली होती.

"या साहेब. मला वाटलं, शनिवारीच येताल."

"शनिवारी?"

"तुमचं लई नाव ऐकलं व्हतं. आडतीवरची पोती शिवणीवरून वळखली म्हणं. मी दोन दिस जेवले न्हाई भीतीनं." तिनं दोन बांगड्या उचलून माझ्यापुढे धरल्या. "ही सव्वादोन. ही अडीच. पोरीच्या हाताला सव्वादोन लागती, ती बी ढिली. अडीच म्हंजी दोन लेकरांच्या मायचा हात. तुमी फाट्यावर माझ्यासमोर गणित केलं आन अडीच म्हणाले. मी म्हणलं, झालं. आता हा मानूस इचारनार, अडीचची बांगडी त्या पोरीच्या हातात ऱ्हाईलच कशी, गळून न्हाई का पडायची?"

मी विचारलं नव्हतं. बांगडीचं माप मी काढलं, हाताचं काढलं नाही. घरात आई होती, काकी होती, सुवर्णा होती. कोणालाही विचारलं असतं तर एका शब्दात उत्तर मिळालं असतं.

"मग तुम्ही तिच्याच मापाच्या का नाही टाकल्या?"

तिनं कानाला हात लावला. "तोबा. लग्न ठरलेल्या पोरीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या मुद्दाम फोडायच्या? ह्या हातानं? तीस साल झाले धंद्याला. बांगडी फुटली असं आमी तोंडानं म्हणत न्हाई, वाढली म्हणतो. पेटीत येताना वाढलेल्या काही व्हत्या, त्यांचे तुकडे टाकले. त्या अडीचच्या निघाल्या, त्याला मी काय करू?"

म्हणजे आपली चूक कुठे आहे हे तिला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं, आणि धंद्याच्या इमानापायी तिनं ती दुरुस्त केली नव्हती. ती चूक तिनं माझ्या हातात दिली. मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली.

बाकीचं तिनं दोरा ओवता ओवता सांगितलं. लग्नाआधी बांगडीवाली घरातल्या सगळ्या बायांची मापं घेते. त्या खोलीत पुरुष येत नाहीत. मुलगी निघाली त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, त्याच खोलीत मुलीनं तिचा हात धरला आणि सोडला नाही. "मी त्या पोरीला बारशाला काळ्या बांगड्या भरल्या हायत. तिचं वय मला आधार कार्डावरून कळायचं का? दर पंचमीला हात हातात घेती मी." आईला सगळं माहीत होतं. गुरुवारी शमीमबी मुलीला घेऊन केजच्या गाडीत बसली, केजला गाडी बदलून अंबाजोगाईला तिच्या लेकीकडे पोचवून आली. जावई फळांचा गाडा लावतो, घरात दोन लहान मुलं, कोणाला संशय येणार? दुपारी परत येऊन निवाऱ्यात तुकडे टाकले. अडचण एकच होती. मुलगी समितीपुढे नेली आणि बापानं आधार कार्ड पुढे केलं तर? दाखला हवा. दवाखान्याचं जुनं कार्ड आईकडे होतं, ते आणि तिच्या सहीचा अर्ज शुक्रवारी पुठ्ठ्याच्या डब्यातून आले, माझ्यासमोर. पण तोवर दुपार झाली, शनिवार-रविवार कचेरी बंद. म्हणून सोमवारपर्यंत मला बीड आणि पुण्याकडे बघत ठेवायचं होतं.

"तुमच्या जबाबात एक शब्द खोटा नाही," मी म्हणालो. आदल्या रात्री मी तो पाच वेळा वाचला होता.

"तुमी इचारलं ते सांगितलं. न्हाई इचारलं ते कावून सांगू?"

मी घरी येऊन चारही याद्या पुन्हा मांडल्या. घरात आलेली माणसं: तिचं नाव हवं होतं. वाहनातली माणसं: कंडक्टरनं तोंडानं सांगितलं होतं. वस्तू कोणाच्या हातातून गेल्या: जबाबावर तिची सही होती. चारांपैकी तीन याद्यांत येणारं नाव मला नोकरीत क्वचित मिळालं. ते एकाही यादीत नाव म्हणून नव्हतं.

लग्न थांबलं. बापूरावांकडून लेखी घेतलं गेलं, आधार कार्डावरच्या वयाची वेगळी चौकशी लागली. मुलगी पोलीस आल्यावर घाबरून स्वतःच समितीकडे गेली, असंच ते आजवर समजतात. पल्लवी वसतिगृहात राहिली, शिकली, आज अंबाजोगाईत नर्स आहे. क्लासवाल्या तरुणाकडे मी स्वतः गेलो, त्याच्या बापासमोर माफी मागितली. त्या नोंदीवर खूण झाली आहे. सुवर्णाला मी सांगितलं, यापुढे लग्नघरात पहिली आत तू जायचंस. पुढच्या पाच वर्षांत तिनं त्या खोल्यांतून जे आणलं, ते माझ्या चार याद्यांत मावलं नाही. पाचवी यादी तिची, आणि ती आजही चालू आहे.

एक काम मात्र राहिलं आहे.

त्या वर्षी चांगल्या तपासांची प्रशस्तिपत्रं दिली तेव्हा मला एक मिळालं. 'अल्पवयीन मुलीचा चार दिवसांत कौशल्याने शोध घेऊन बालविवाह रोखल्याबद्दल.' मी हात पुढे केला आणि घेतलं. समोर सुवर्णा सरळ चेहऱ्यानं टाळ्या वाजवत होती. निवृत्तीनंतर करायच्या कामांच्या यादीत मी पहिल्या क्रमांकावर लिहिलं: प्रशस्तिपत्र परत करणे, खरी हकिकत कळवणे, शुक्रवारच्या यादीत सातवं नाव घालणे. अर्ज तयार आहे. नावाची जागा मोकळी आहे. परवानगी मागायला मी गेल्या महिन्यात शमीमबीकडे गेलो.

या अंकासाठी ही हकिकत लिहिण्याला ती लगेच हो म्हणाली. "लिवा की. गडीमाणसं वाचून बांगडीवालीला वळखणार व्हय? समोर बसले तरी वळखलं न्हाई."

"आणि अर्जात खरं नाव?"

ती बांगड्या चाळू लागली.

"अर्ज कचेरीत जातो साहेब. कचेरीतून गावात जातो. मंग मला त्या गावात कोन दारात उभं करन?" तिनं एक बारीक बांगडी बोटात धरून फिरवली. सव्वादोनपेक्षाही लहान होती. "आजून तिथं तीन पोरी हायत माझ्या मापात. त्या मोठ्या होऊ द्या."

तीन पोरींची नावं तिनं सांगितली नाहीत. मीही विचारली नाहीत. डायरी उघडून त्या कामापुढे नवी तारीख घालायला घेतली, तर कोणती घालावी ते कळेना. ती जागाही सध्या मोकळीच आहे.